काळी, पांढरी आणि आपलीं घरें

आपल्याकडील जुन्या व्यवहारांत गांवाच्या जमिनीचे दोन भाग मानीत असत. जेथें पीक काढावयाचें ती ‘काळी’ आणि जेथें माणसानें वस्ती करावयाची ती ‘पांढरी’. ह्या दोन शब्दांत घरबांधणीचें शास्त्र सांठविलेलें आहे, आणि तें आपल्या डोळ्यांदेखत विस्मृतींत चाललें आहे. म्हणून नागपूर जिल्ह्यांतील कुही तालुका मध्यभागीं ठेवून मातीच्या बांधकामाचा थोडा इतिहास आज आपणांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

काळी जमीन पावसाळ्यांत पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यांत आकसून तिला खोल भेगा पडतात. कापसाची ती माउली खरी, पण भिंतीची ती वैरीण आहे. पांढरी माती फुगण्या-आकसण्यांत बेताची. शिवाय एकाच जागीं पिढ्यान्‌पिढ्या वस्ती झाली, म्हणजे पडक्या भिंती, राख, शेण यांचे थर सांचून गांवची पांढरी उंच होत जाते. जुनें घर पडलें कीं त्याचीच माती भिजवून नवें घर उभें राही. बांधकामाचा कचरा म्हणून जी वस्तु आज शहराबाहेर नेऊन टाकावी लागते, ती त्या काळीं मुळीं निर्माणच होत नसे.

ही रीत किती जुनी आहे? पुणें जिल्ह्यांतील इनामगांव येथें डेक्कन कॉलेजच्या विद्वानांनीं १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलें. तेथें इसवी सनापूर्वीं सुमारें १६०० ते ७०० या काळांतील शंभराहून अधिक घरांचे अवशेष निघाले. मातीच्या बुटक्या भिंती आणि कुडावर मातीचा लेप, अशीच त्यांची रचना होती. आमच्या कुही तालुक्याचें उदाहरण तर याहूनही भव्य आहे. अडम येथें भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्यानें १९८८ ते १९९२ या काळांत अमरेंद्र नाथ यांच्या देखरेखीखालीं खोदकाम केलें. तेव्हां मातीचा तट आणि भोंवतीं खंदक असलेलें एक प्राचीन नगरच उजेडांत आलें. ‘असक जनपद’ हें नांव असलेली मुद्राही तेथें सांपडली. शेजारच्या भंडारा जिल्ह्यांत वैनगंगेच्या कांठीं वसलेल्या पवनीलाही असाच मातीचा तट होता. खंदक खणावा आणि निघालेल्या मातीचाच तट घालावा, हा हिशोब किती काटकसरीचा! पुढें वऱ्हाड-मराठवाड्यांतील देशमुखांच्या गढ्याही पांढऱ्या मातीच्याच उभ्या राहिल्या. सारांश, माती ही केवळ दरिद्र्याच्या झोंपडीची सामग्री होती, हा समज इतिहासाला धरून नाहीं.

भिंत घालण्याची रीत अशी. मातींत तणस किंवा कुटार मिसळून ती पाण्यानें भिजवावी, पायांनीं तुडवावी, कांहीं दिवस मुरूं द्यावी. मग सुमारें हातभर उंचीचा एक थर घालावा आणि तो वाळल्यावर दुसरा. माती वाळतांना आकसते. तणसाचे धागे तिला भेगाळूं देत नाहींत. जोतें दगडाचें करावें, म्हणजे जमिनीची ओल वर चढत नाहीं. वर कवेलूंचें छप्पर घालून वळचण पुढें आणावी, म्हणजे पाऊस भिंतीवर येत नाहीं. मातीच्या घराचा खरा शत्रु पाणी. त्याचा बंदोबस्त झाला कीं तें घर पिढ्या काढतें. आमच्याकडे वैशाखांत पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा वेळीं जाड भिंतींतून दुपारचा ताप आंत पोंचावयास कित्येक तास लागतात, आणि तोंवर बाहेर रात्रीचा गारवा सुरू झालेला असतो.

मग ही विद्या मागें कां पडली? इंग्लंडांत १८२४ सालीं जोसेफ ॲस्पडिन यानें पोर्टलंड सिमेंटची सनद मिळविली. आपल्या देशांत या धंद्याचा पाया १९१४ सालीं पोरबंदर येथें घातला गेला. पुढें १९३६ हें साल मोठें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. त्या वर्षींच्या ऑगस्टांत दहा कंपन्या एकत्र येऊन असोसिएटेड सिमेंट कंपनी स्थापन झाली. आणि त्याच वर्षीं एप्रिलच्या अखेरीस महात्मा गांधी वर्ध्याजवळच्या सेगांवीं राहावयास गेले. माती, बांबू, लाकूड आणि कवेलू यांचीं तेथील घरें आजही सेवाग्रामांत पाहावयास मिळतात. घराची सामग्री पांच मैलांच्या आंतून मिळावी, असें गांधीजींनीं आपणांस सांगितल्याचें प्रसिद्ध वास्तुशिल्पी लॉरी बेकर सांगत असत. एकाच वर्षीं देशापुढें दोन वाटा होत्या. देश पहिल्या वाटेनें गेला.

पण मातीची बाजू मांडतांना किल्लारीचें नांव टाळून चालणार नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबादच्या भूकंपांत सुमारें आठ हजार माणसें दगावलीं. ओबडधोबड दगडांच्या, मातींत रचलेल्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचें जड माळवद, अशीं तीं घरें होतीं. भिंतीचे दोन्ही पदर आरपार दगडांनीं सांधलेले नव्हते. सारें घर आंवळून धरणारा पट्टा नव्हता. दोष रचनेचा होता, पण नांव मातीचें बदनाम झालें. मातीचीं घरें भूकंपांत कशीं टिकवावीं, याविषयींची भारतीय मानक संस्थेची मार्गदर्शिका निघाली तीही १९९३ सालींच. 

आतां आजच्या काळाचा हिशोब पाहूं. सिमेंट करावयाचें म्हणजे चुनखडी सुमारें १४५० अंशांपर्यंत भाजावयाची. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली कीं तिच्यांतून ४४ किलो कर्बवायु निघून जातो. जळणाचा धूर निराळाच. मनुष्यजात जेवढा कर्बवायु हवेंत सोडते, त्यापैकीं शेंकडा सात-आठ भाग एकट्या सिमेंटचा आहे. उन्हांत वाळणाऱ्या मातीला भट्टीच लागत नाहीं.

जुन्या रीतीला नवी जोडही मिळाली आहे. शेंकडा पांच ते दहा सिमेंट मिसळून मातीची वीट हातयंत्रानें दाबावयाची. अशी वीट न भाजतां पक्की होते. ऑरोविल येथें या कामाचें शिक्षण दिलें जातें. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रानें कुंभाराच्या चाकावर घडविलेल्या, एकांत एक बसणाऱ्या शंकूच्या आकाराच्या कवेलूंचीं छपरें प्रचारांत आणलीं. तेव्हां प्रश्न ज्ञानाचा उरलेला नाहीं. तो प्रतिष्ठेचा आहे. सरकारी गणनेंत मातीची भिंत म्हणजे ‘कच्चें’ घर. ज्या घरास कागदावरच कच्चें म्हटलें, त्यांत कोणास अभिमान वाटावा? गोसीखुर्द धरणामुळें कुही तालुक्यांतील कित्येक गांवें उठलीं. त्यांच्याबरोबर शेंकडों वर्षांच्या पांढऱ्याही सुटल्या, आणि पांढरीबरोबर ती माती ओळखणारे हातही पांगले.

तथापि शहरांत गच्चीच्या घरीं बसून खेड्यांतील माणसास ‘तूं मातींतच राहा’ असा उपदेश करणें अन्यायाचें होईल. दरसाल सारवण, पोतारा आणि डागडुजी यांचें ओझें घरच्या स्त्रियांनीं वाहिलें आहे. वाळवी आणि उंदीर यांचा त्रासही त्यांनींच सोसला आहे. त्यांनीं पक्क्या घराची इच्छा धरली, तर ती रास्तच आहे. म्हणून माझी विनंति शिकलेल्या व सुस्थित मंडळींना आहे. आपण नवें घर बांधाल, तेव्हां निदान एक मजली भागापुरती तरी दाबलेल्या मातीच्या विटेची चौकशी करा. ज्या वस्तूला पैसेवाला मान देतो, तिला सरकारी कागदही हळूहळू मान देऊं लागतो. तसें झालें, तर ‘पांढरी’ हा शब्द केवळ कोशांत न राहतां पुन्हां माणसांच्या वस्तीचें नांव होईल.