मिरची घाटावर कोणी नेली?

मिरची पोर्तुगीजांनी आणली, एवढ्या एका वाक्यात आपल्याकडे तिचा इतिहास आटोपला जातो. वाक्य खोटे नाही, पण ते बंदराशीच थांबते. १५१० साली गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेले आणि अमेरिकेतले हे झाड त्यांच्या गलबतांतून या किनाऱ्यावर उतरले. तिथून घाट चढून देशावर, खानदेशात आणि वऱ्हाडात घरोघरच्या चुलीपर्यंत ते कसे पोचले? माझ्या मते ते मोठे श्रेय घरामागच्या परसाला द्यायला हवे.

मिरचीआधी तिखटासाठी मुख्य आधार मिरीचा. पण मिरीचा वेल पश्चिम घाटाच्या दमट सावलीत वाढतो. देशावरच्या कोरड्या हवेत तो धरत नाही, म्हणून तिथल्या कुणब्याला मिरी विकतच घ्यावी लागे. मिरचीने ही अडचण सोडवली. एका वाळक्या मिरचीत डझनावारी बिया निघतात, चार झाडांवर घराचे भागते आणि पुढच्या पेरणीचे बी घरातच राहते. त्यात पक्ष्यांना तिचा तिखटपणा जाणवत नाही. ते पिकलेल्या मिरच्या बियांसकट गिळतात, बिया शाबूत बाहेर पडतात आणि कुंपणाच्या कडेला न पेरलेले रोप उगवते. जे कोणाच्याही दारात फुकट येते, त्यात दूरच्या व्यापाऱ्याला मिरीसारखा नफा कुठला मिळणार?

परसाचा कागदोपत्री पुरावा कुठे आहे, असे कोणी विचारील. तो थोडा आहे हे मान्य, पण जिथे मिरची सापडायला हवी तिथे ती नसणे हेही काही सांगते. मुंबई बेट ज्याच्याकडे खंडाने होते, त्या गार्सिया द ऑर्ता या वैद्याचा इथल्या औषधी आणि मसाल्यांवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात मिरीची सविस्तर चर्चा आहे, मिरची नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरच्या ‘ऐन-इ-अकबरी’तल्या शाही पाककृतींतही मिरीच आहे. उलट जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ फुक्सने १५४२ सालीच मिरचीचे चित्र छापून तिला कालिकतची मिरी म्हटले. तिच्या मायदेशाबद्दल तो चुकला, पण हिंदुस्थानशी तिचे नाव तेव्हाच जोडले गेले होते. मिरची इथे आली असेल, तरी दरबार आणि पेठ यांच्या नजरेत भरण्याइतकी ती मोठी नव्हती, हाच अर्थ मला अधिक पटतो.

या तर्काला पुदिन्याने बळ मिळते. त्याचे बी भरवशाचे नसते. मुळ्या फुटलेली काडी एकाने दुसऱ्याला द्यावी लागते. तोडलेली पाने उन्हाळ्यात काही तासांत माना टाकतात, म्हणून ताजा पुदिना हवा असेल तर तो मोरीच्या सांडपाण्यावर, दाराशीच लावणे सोयीचे. पेठेवाचूनही एखादी वनस्पती घरोघर पोचू शकते, हे पुदिना दाखवतो. मिरचीला तर बी आणि पाखरे या दोन्हींची जोड होती.

भिवापूर, नंदुरबारकडची मिरचीची शेते आणि लाल मिरचीच्या मोठ्या बाजारपेठा यावर बोट ठेवता येईल. व्यापाराने पुढे मिरचीला शेतात नेले, हे खरेच. पण शेतकरी एवढी जमीन एखाद्या पिकाखाली घालतो, ती लोकांच्या जिभेला चव लागल्यावर. ती चव लावली परसाने, आणि परसाची राखण बहुतेक घरांत बायकांकडे होती. त्यांचे हे काम सारा-वसुलीच्या कागदांत बसत नाही, म्हणून इतिहासात त्याला जागा मिळाली नाही. आज संकरित वाणाचे बी पुढच्या वर्षी तसेच उतरत नाही. अशा वेळी गावठी लवंगीचे बी राखणारे प्रत्येक घर जुना वाण जिवंत ठेवते आहे. मिरचीचा इतिहास लिहिताना गलबताला एक प्रकरण दिले, तर परसाला त्याहून मोठे द्यावे लागेल.