उ उराचा

मेळघाटातलं पोर पहिलीत येतं तेव्हा त्याच्या कानात दोन भाषा असतात. घरात कोरकू आणि बाजारात हिंदी. पलीकडे खंडवा, बऱ्हाणपूर, बैतूल. त्यामुळे धारणीच्या बाजारातली मीठमिरची, कापडचोपड हिंदीतच चालायची. मराठी त्याला भेटते ती थेट शाळेत, पुस्तकातून आणि मास्तरांच्या तोंडून. २००० सालच्या जूनपासून पहिलीलाच इंग्रजीही आली. सहा वर्षांच्या जिवाला चार भाषा!

मी १९८९ साली तिथं मास्तर म्हणून गेलो. मूळचा अंजनगावकडचा, 'मले-तुले' म्हणणारा. पुस्तकातलं 'मला-तुला' मलाही शाळेतच शिकावं लागलं. पण वऱ्हाडी आणि पुस्तकी मराठी या सख्ख्या बहिणी. कोरकूचं तसं नाही. ती मुंडा कुळातली. तिच्या बहिणी संथाळी, मुंडारी, हो; त्या राहतात तिकडे झारखंडात, शेकडो कोस पूर्वेला. २०११ च्या जनगणनेत कोरकू बोलणारे सात लाखांहून जास्त नोंदले आहेत, मध्य प्रदेशात आणि आपल्याकडे मिळून. एवढी माणसं बोलतात ती भाषा माझ्या शाळेच्या कपाटात एका कागदावरही नव्हती.

कोरकूत मराठीसारखी तीन लिंगं नाहीत. तिथं भेद सजीव-निर्जीवाचा. म्हणून पोरं 'गाडी आला', 'बाई गेला' म्हणायची आणि नवा मास्तर हसायचा. उलट आपण 'वचने दोन' म्हणून घोकून घेतो, पण कोरकू पोराच्या तोंडात तीन असतात: एकासाठी, दोघांसाठी आणि पुष्कळांसाठी वेगवेगळी. संस्कृतातलं द्विवचन पाठ करताना आपली हाडं खिळखिळी होतात. ते या पोरांना आईच्या मांडीवर येतं. त्याचे गुण मात्र कुठल्याच पेपरात नाहीत.

दुसरीत एक पोरगी होती. तिच्या नावापुढं आधीच्या कुणीतरी प्रगतिपत्रकात 'मठ्ठ' असा शेरा मारून ठेवला होता. ही पोरगी जंगलातून मोहाची फुलं वेचून आणायची, बाजारात विकायची आणि हिशेबाला पक्की. दुकानदार तिला फसवू शकत नव्हता. फळ्यापुढं उभी केली की मुकी.

तेव्हा शाळेत साहित्य नव्हतं असं नाही. १९८७ ला खडू-फळा मोहीम सुरू झाली, तिच्यातून पेटी आली होती. नकाशे, तक्ते, खेळणी. पेटीला कुलूप आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या करगोट्याला. 'हरवलं त भरून कोन देईन?' हा त्यांचा सवाल. तोही खोटा नव्हता.

पुढं सर्व शिक्षा अभियानात दरेक शिक्षकाला साहित्यासाठी वर्षाला ५०० रुपये मिळू लागले. परतवाड्याचा दुकानदार यादीच घेऊन बसलेला. गुळगुळीत तक्ते, पक्की पावती. सगळे तेच घ्यायचे. मीही एक तक्ता भिंतीला लावून पाहिला. 'घ घराचा' म्हणून चित्रावर छडी ठेवली आणि त्या मठ्ठ ठरलेल्या पोरीला विचारलं, हे काय?

ती म्हणाली, "उरा."

कोरकूत घराला उरा म्हणतात. वाघावर छडी ठेवली, तर म्हणाली, "कुला." तेही बरोबर. तक्त्याची सगळी युक्ती एवढीच असते की चित्र पाहिलं की ओठावर शब्द यावा आणि शब्दाचा पहिला आवाज म्हणजे ते अक्षर. पण घर पाहून जिच्या ओठावर 'उ' येतो, तिला त्याखाली 'घ' दाखवला की ती गप्पच बसणार! अननस तर तिनं पाहिलेलाच नव्हता. ते चित्र बघून पोरं आपसात भांडत, हे कणीस की साळिंदर.

कोसबाडची गोष्ट मी डी.एड.ला असताना वाचली होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. माँटेसरीचं साहित्य महाग, ते वारल्यांच्या पाड्यावर कुठून आणायचं? बाईंनी शंखशिंपले, बिया, खडे, पानं घेतली. पोरं गुरं राखतात, तर शाळाच कुरणात नेली. आमच्याकडं अजून पेटीलाच कुलूप होतं!

त्या वर्षी मी ५०० रुपयांचे पांढरे जाड कागद, रंग, दाभण आणि दोरा आणला. 'उ उराचा', 'क कुलाचा' पोरांनीच काढले. मग एका म्हातारीला शाळेत बोलावलं. तिनं गोष्ट सांगितली, ती मी देवनागरीत उतरवली, अडलं तिथं पोरांनी दुरुस्त केलं. चित्रं त्यांची. तीच चित्रं घेऊन मराठीचं पुस्तक वेगळं शिवलं. एकाच पानावर दोन्ही भाषा ठेवल्या नाहीत. तशा ठेवल्या की पोर सोपी बाजू वाचतं आणि दुसरी सोडतं. निदान आमच्या वर्गात तसं झालं.

विरोध झाला, तो गावातूनच. एक बाप येऊन म्हणाला, "गुरुजी, कोरकू तो घर में आती है. साहब की भाषा सिखाओ." त्याचं म्हणणं मी अजूनही हलकं समजत नाही. तालुक्याला दाखला काढायला जाऊन तो मराठीपायी तीनदा परत आला होता. मी त्याला लेकीशेजारी बसवलं. पोरीनं कोरकू पुस्तक वाचलं, मग मराठीचं उघडलं. गोष्ट माहीत होती, म्हणून ती अडखळत का होईना, पुढं सरकत होती. 'बाई गेली' तिथं थांबली, बापाकडं पाहिलं आणि बरोबर वाचलं. तो काही बोलला नाही. पण दिवाळीनंतर सोंगणीच्या कामाला घर निघालं तेव्हा पोरीला आजीपाशी ठेवून गेला. आधीच्या साली तिला चार महिने नेली होती.

तपासणीला आलेल्या साहेबांनी मात्र विचारलं, "छापील तक्ते कुठं आहेत?" पावती कागदाची आणि दोऱ्याची. शेरा बसला. आता कायदा काय म्हणतो ते पहा. घटनेत १९५६ साली ३५० क कलम आलं: भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शाळेत मातृभाषेतून शिकायची सोय करावी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही तेच आहे, पण 'व्यवहार्य असेल तेवढं' या अर्थाचे शब्द जोडून. ते शब्द फार कामाचे. त्यांच्या आड कुणीही बसू शकतो.

पुढच्या साली वर्गात गवळ्यांची तीन पोरं आली. त्यांची बोली आणखी वेगळी. कोरकू पुस्तक पाहून ती हसली, आणि कोरकू पोरं चिडली. मी त्या तिघांना विचारलं, तुमच्यात घराला काय म्हणतात? एकानं सांगितलं, दुसऱ्यानं खोडलं, तिसरा म्हणाला, आईला विचारून येतो. जाड कागद तेवढ्यात चारच उरले होते. ते मी त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवले.