सजग स्वप्ने घडवून आणण्याची तंत्रे

स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असे भान झोपलेल्या माणसाला येणे, म्हणजे सजग स्वप्न. ल्युसिड ड्रीम या नावानेही ते ओळखले जाते. डच मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक व्हान एडन यांनी १९१३ मध्ये ही संज्ञा रूढ केली. तिबेटी बौद्ध परंपरेतील स्वप्नयोग त्याहून कितीतरी जुना आहे. बहुतेक सजग स्वप्ने रेम निद्रेत, म्हणजे डोळ्यांच्या जलद हालचालींच्या टप्प्यात पडतात.

बराच काळ संशोधक अशा अनुभवांकडे संशयाने पाहत. झोपलेल्या माणसाची साक्ष काढायची कशी, हा खरा पेच होता. रेम निद्रेत शरीराचे स्नायू लुळे पडतात, डोळ्यांचे मात्र पडत नाहीत. वाट तिथेच सापडली. एप्रिल १९७५ मध्ये इंग्लंडमधील हल विद्यापीठात कीथ हर्न यांच्या प्रयोगशाळेत ॲलन वर्स्ली यांनी स्वप्नातूनच, आधी ठरल्याप्रमाणे, डोळे डावी-उजवीकडे फिरवले आणि ती खूण आलेखावर उमटली. स्टॅनफर्डमध्ये स्टीफन लबर्ज यांनी स्वतंत्रपणे हेच सिद्ध करून १९८१ मध्ये प्रसिद्ध केले. प्रयोगशाळेत आजही हीच खूण कसोटी मानली जाते. सकाळी उठून सांगितलेल्या आठवणीपेक्षा तिचे मोल निःसंशय अधिक आहे.

मानसिक तंत्रांत लबर्ज यांचे स्मृतितंत्र, म्हणजे ‘माइल्ड’, सर्वांत जास्त तपासले गेले आहे. सुमारे पाच तास झोपून उठायचे, नुकतेच पडलेले स्वप्न आठवायचे आणि त्याच स्वप्नात आपण सजग झालो आहोत असे मनासमोर आणायचे. ‘पुढच्या वेळी स्वप्न पडेल तेव्हा ते स्वप्न आहे हे मला आठवेल’ असा संकल्प घोळवत पुन्हा झोपी जायचे. मध्येच उठण्यामागे कारण आहे: रेमचे टप्पे पहाटेकडे लांबत जातात. ऑस्ट्रेलियात डेनहोम ॲस्पी यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माइल्ड, मधली जाग आणि वास्तव-पडताळणी एकत्र करणाऱ्यांना सुमारे १७ टक्के रात्री यश आले. संकल्पानंतर पाच मिनिटांत ज्यांना झोप लागली, त्यांच्यात हे प्रमाण ४६ टक्क्यांच्या आसपास होते.

वास्तव-पडताळणीचा पाया जर्मन मानसशास्त्रज्ञ पाउल टोलाय यांनी घातला. ‘मी आत्ता जागा आहे की स्वप्नात?’ हा प्रश्न दिवसभरात अनेकदा, मनापासून विचारायचा, म्हणजे ती सवय स्वप्नातही उतरते. एकट्या या तंत्राचा परिणाम तोकडाच दिसतो. स्वप्नांची रोजनिशी हे स्वतंत्र तंत्र नव्हे, पण स्वप्न आठवतच नसेल तर पुढचे सगळे व्यर्थ.

औषधांपैकी स्मृतिभ्रंशावर दिल्या जाणाऱ्या गॅलँटामाइनचा पुरावा सर्वांत ठोस आहे. २०१८ मधील १२१ जणांच्या चाचणीत सर्वांनीच मध्यरात्री उठून माइल्ड केले. त्यांपैकी निष्क्रिय गोळी घेतल्यावर १४ टक्के, ४ मिलिग्रॅम मात्रेवर २७ टक्के आणि ८ मिलिग्रॅमवर ४२ टक्के जणांना सजग स्वप्न पडले. कपाळावरून सौम्य विद्युतप्रवाह देण्याचा २०१४ मधील प्रयोग बराच गाजला. त्यावर पुढे शंका घेतल्या गेल्या आणि त्याला भरवशाचे तंत्र म्हणता येणार नाही.

अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात झोपेपूर्वी ठरावीक आवाजाशी सजगतेचा विचार जोडून देतात आणि रेममध्ये तोच आवाज हळूच ऐकवतात. सजग स्वप्नांतील संवादावर अमेरिका, फ्रान्स, जर्मनी व नेदरलँड्समधील चार गटांनी काम केले; ते २०२१ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले. त्यात आठातून सहा गेले किती, असे विचारल्यावर एका निद्रिस्ताने डोळे दोनदा डावी-उजवीकडे फिरवून बरोबर उत्तर दिले. एकूण प्रश्नांपैकी बरोबर उत्तरे मिळाली ती पाचातल्या एकाहूनही कमी, तरी या क्षेत्रातील ही फार मोठी झेप आहे.

हमखास म्हणावे असे तंत्र आजही नाही. बहुतेक तंत्रांत झोप मोडावी लागते. म्हणून निद्रानाश किंवा गंभीर मनोविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे प्रयोग करू नयेत, आणि गॅलँटामाइन कोणीही स्वतःच्या मनाने घेऊ नये.