धुक्यातून आलेला वाद्यवृंद

चित्रपट बोलू लागला आणि त्यातले संगीत मुके झाले, ही गोष्ट आज विलक्षण वाटेल. मूकपटाच्या काळात आपल्याकडे पेटी-तबल्याने आणि तिकडे पियानोने पडद्यापुढे बसून देवादिकांपासून दैत्यांपर्यंत सर्वांची चाकरी इमानेइतबारे केली होती; परंतु १९२९ च्या सुमारास, वादक दृष्टीस पडत नसता हे सूर येतात कोठून, अशी पृच्छा प्रेक्षक करतील या धास्तीने अमेरिकेतील निर्मात्यांनी संवादाखालच्या संगीतावर जणू मनाईहुकूमच बजावला.

तो मोडून काढणाऱ्यांत व्हिएन्नाचे मॅक्स स्टायनर अग्रेसर होते, आणि १९३३ च्या 'किंग काँग'मध्ये त्यांनी जी युक्ती योजिली ती मला आजही निव्वळ मुत्सद्देगिरी वाटते. न्यूयॉर्कमधील प्रारंभीच्या प्रवेशांत त्यांनी संगीत जवळजवळ येऊच दिले नाही. गलबत धुक्यात शिरले, तेव्हा कोठे हार्पचे मंद स्वर पाझरू लागले. दूरवर लाटा फुटत आहेत की नगारे वाजत आहेत, या संभ्रमात खलाशी असतानाच बेटावरचे नगारे वाद्यवृंदात मिसळून जातात, आणि सुरांचा परवाना विचारण्याचे भान प्रेक्षकाला राहात नाही. टोळीचा नायक पुढे येतो, तर त्याच्या पावलागणिक एकेक स्वर पडतो. (हा मेळ पुढे यंत्राने पक्का केला: सेकंदाला चोवीस चौकटी धावणाऱ्या फिल्मच्या ध्वनिपट्टीवर दर बारा चौकटींना भोक पाडले, की वादकांच्या कानी मिनिटाला १२० टिचक्या ऐकू येतात.)

नायिकेच्या बलिदानाच्या प्रवेशात संकलनाने दैत्याला, म्हणजे काँग या वानराला, हेतुपुरस्सर लपवून ठेविले आहे: खांबांना बांधलेली नायिका, तटावरची गर्दी, हलणारी झाडे, पुन्हा नायिका. दैत्य दिसण्याआधीच त्याचे येणे कानी पडते. काँगची ओळख अवघ्या तीन उतरत्या स्वरांची. परंतु विलिस ओब्रायन यांनी चौकटीमागून चौकट हलविलेल्या हातभर बाहुल्याला वजन आले ते त्या स्वरांमुळे.

आणि अखेरीस एम्पायर स्टेट इमारतीवर विमाने येतात, तेव्हा हाच संगीतकार वाद्यवृंद थांबवितो. मग केवळ इंजिनांची घरघर, बंदुकांचा कडकडाट, आणि आळीपाळीने वैमानिक व वानर. काँगचे बळ ओसरू लागते तेव्हाच तंतुवाद्ये पुन्हा हलकेच परततात.