समुद्रातले पाय

ह्यूस्टनला दिवाळीच्या फराळासाठी चार मराठी घरं जमली की एकजण तरी ‘ऑइल’वाला निघतोच. तरी समुद्रातला प्लॅटफॉर्म म्हटलं की लांब खांबांवर उभी असलेली लोखंडी माडीच आपल्या डोळ्यांसमोर येते.

१९४७ साली ते चित्र बरोबर होतं. केर-मॅगी कंपनीने लुइझियानाचा किनारा दिसेनासा होईल इतक्या दूर विहीर खणली, पण तिथे पाणी अवघं १८ फूट, म्हणजे तीन पुरुष! (आपलं मुंबई हायसुद्धा साधारण ७५ मीटरचंच.) पाणी वाढलं तसे पाय लांबले. १९८८ मध्ये शेलचा ‘बुलविंकल’ ४१२ मीटर पाण्यात उभा राहिला. सिअर्स टॉवरपेक्षाही उंच. त्यापुढे पोलादाचा खर्च परवडेना.

मग पायच काढून टाकले. उत्तर समुद्रात १९८४ साली ‘हटन’वर ही युक्ती करून झाली होती, १९९४ मध्ये शेलच्या ‘ऑगर’ने ती ८७२ मीटरवर नेली. रिकामी घागर विहिरीत बुडवून दोरीने तळाशी बांधली, तर ती वर येण्यासाठी दोरी ताणून धरते ना? तसंच. पोकळ खांबांवर तरंगणारा प्लॅटफॉर्म पोलादी नळ्यांनी समुद्रतळाशी जखडलेला असतो. तो आडवा थोडा सरकतो, पण वर-खाली जवळपास नाहीच.

विहिरीतून नुसतं तेल येत नाही. तेल, वायू, पाणी असं मिश्रण येतं. ते वेगळं करायचं, वायू दाबायचा, पाणी स्वच्छ करायचं आणि माल पाइपलाइनने किनाऱ्याला पाठवायचा, हा वरचा कारखाना. खाली तळाशी जेमतेम ४ अंश तापमान! तिथे वायू आणि पाणी मिळून बर्फासारखा गोळा नळीत अडकतो, म्हणून मेथॅनॉल सोडावं लागतं.

खरा जीव असतो तो रायझरमध्ये, म्हणजे तळापासून वर येणाऱ्या नळीत. जुलै २००५ मध्ये मुंबई हायला एका जहाजाची धडक रायझरला बसली, वायू पेटला, अख्खा प्लॅटफॉर्म कोसळला आणि २२ माणसं गेली.

पुढच्याच महिन्यात इथे कतरिना आलं. ८९६ मीटर पाण्यातल्या ‘मार्स’वरची माणसं आधीच किनाऱ्यावर आणली होती, विहिरी बंद केल्या होत्या. वादळाने ड्रिलिंगचा मनोरा डेकवर आडवा केला, पण खालच्या नळ्या तुटल्या नाहीत. मे २००६ मध्ये तेल पुन्हा सुरू झालं.