ऑइलच्या झाकणाला पांढरी मलई? हेड उतरवण्याआधी हे तपासा

पावसाळ्यात आणि थंडीत अनेक गाडीमालकांना हा अनुभव येतो. बोनेट उघडून इंजिन ऑइलचं झाकण काढलं की आतून पांढरट-पिवळसर, मलईसारखा थर बसलेला दिसतो. लगेच कुणीतरी सांगतं, "ऑइलात पाणी आलं, हेड गॅस्केट गेलं." हेड उतरवायचं म्हणजे गाडी काही दिवस गॅरेजला आणि खिशाला मोठी कात्री. पण दर वेळी गॅस्केटच गेलेलं असतं असं नाही. बऱ्याचदा ती नुसती साचलेली वाफ असते. फरक घरच्या घरी ओळखता येतो.

पाणी येतं कुठून?

पेट्रोल जळताना पाणी तयार होतं. एक लिटर पेट्रोल जळालं की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं. सकाळी सायलेन्सरमधून थेंब गळतात ते यामुळेच. बहुतेक वाफ सायलेन्सरवाटे निघून जाते, पण थोडी पिस्टनच्या रिंगांमधून खाली ऑइल चेंबरमध्ये उतरते. इंजिन नीट तापलं की ती ब्रीदरच्या नळीवाटे निघून जाते. इंजिन थंडच राहिलं तर झाकणाला दव धरतं आणि पाणी-ऑइल घुसळून ताकासारखं पांढरं होतं.

सीएनजी गाडीत हे जास्त दिसतं, कारण गॅस जळताना पाणी आणखी जास्त तयार होतं. एक किलो मिथेनमागे सुमारे सव्वादोन किलो!

कोणाच्या गाडीत जास्त होतं?

ज्यांची गाडी रोज घरापासून फाट्यापर्यंत किंवा डेअरीपर्यंत दोन-तीन किलोमीटरच चालते, त्यांच्या. टेम्परेचरचा काटा मध्यावर आला म्हणजे ऑइल तापलं असं समजू नका. काटा कूलंटचं तापमान दाखवतो, ऑइल तापायला त्याहून जास्त वेळ लागतो.

काही ठिकाणी गाडी गरम होऊ नये म्हणून थर्मोस्टॅट वॉल्वच काढून टाकतात. अशा गाडीचं इंजिन नीट तापत नाही आणि मलई धरत राहते. तो वॉल्व परत बसवून घ्या.

अशी करा तपासणी

१. डिपस्टिक बघा: गाडी सपाट जागेवर लावा, इंजिन थंड असताना पट्टी काढा. ऑइल नेहमीसारखं तपकिरी किंवा काळं असेल तर चांगली खूण. दुधाच्या चहासारखं दिसत असेल, किंवा न टाकताच पातळी वाढली असेल, तर धोका.

२. कूलंट मोजा: थंड इंजिनवर कूलंटच्या डब्यावर पेनाने खूण करा आणि आठवडाभर बघा. बाहेर कुठे गळती नसताना पातळी उतरत असेल तर ते पाणी इंजिनात जात असण्याची शक्यता आहे. गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, उकळतं पाणी अंगावर उडतं.

३. धूर बघा: सकाळी थोडा वेळ पांढरी वाफ येणं साहजिक आहे. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला तर गाडी दाखवा.

४. झाकण पुसून बघा: वरच्या तिन्ही गोष्टी ठीक असतील तरच हे करा. झाकण स्वच्छ पुसा, गाडी सलग ३०-४० किलोमीटर चालवा. त्यानंतर मलई धरली नाही, तर ती वाफच होती.

धोक्याची खूण दिसली तर

पट्टीवरचं ऑइल दुधाळ असेल तर "गॅरेजपर्यंत नेतो" म्हणूनही गाडी चालवू नका, टो करून न्या. पाणी मिसळलेलं ऑइल बेअरिंगला वंगण देत नाही, क्रँक खराब झाला तर खर्च कितीतरी वाढतो. गॅस्केटबरोबरच तडकलेलं हेड किंवा फुटलेला ऑइल कूलर हेही कारण असू शकतं. म्हणून हेड उघडण्याआधी कूलिंग सिस्टिमची प्रेशर टेस्ट करायला सांगा.

पुराच्या पाण्यात गाडी बुडाली असेल तर स्टार्टर मारूच नका. २०१९ ला कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ ला चिपळुणात अनेक गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. अशा वेळी आधी बॅटरीची वायर काढा, मग ऑइल आणि एअर फिल्टर मेकॅनिककडून तपासून घ्या.

मलई टाळायची तर

आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास सलग चालवा. जागेवर नुसती चालू ठेवून उपयोग होत नाही. रेडिएटरमध्ये नळाचं पाणी न भरता कंपनीने सांगितलेलं कूलंटच वापरा. गाडी कमी अंतरच चालत असेल तर किलोमीटर पूर्ण होण्याची वाट न बघता ऑइल लवकर बदला.

थोडक्यात, फक्त झाकणाला मलई असेल तर गाडी लांब फिरवून आणा. पट्टीवरही मलई असेल तर गाडी जागेवरच उभी ठेवा.