वेलीचा कणा

अर्धापूरच्या श्रोत्यांस केळीच्या बागेची ओळख करून देण्याचे धाडस आम्ही करणार नाही. केळीचे नवे पान खांबाच्या मधून वर येते तेव्हा ते सुरळी असते आणि आतून बाहेर हळूहळू उलगडत जाते, हे येथील पोरासोरांनाही ठाऊक आहे. आजच्या विषयाचा आरंभ आम्ही त्या सुरळीपासूनच करतो. बंदुकीच्या नळीवर किंवा तरवारीच्या मुठीवर जी वेलबुट्टी कोरतात, तिचा जीव अशाच एका वळशात असतो. तो वळसा नवशिक्याच्या हाती कसा येतो आणि पिढ्यांच्या ओघात हातून कसा निसटतो, एवढीच कथा आज सांगावयाची आहे.

प्रथम एक शंका. शस्त्र हे मारण्याचे साधन; त्यावर वेल कशाला? याचे उत्तर दूर शोधावयास नको. दसऱ्याला आपण शस्त्रांची पूजा करतो. येथून जवळच नांदेडला १७०८ साली गुरू गोविंदसिंगजींनी देह ठेवला. तेथील सचखंडात जुनी शस्त्रे आजही भक्तिभावाने जतन केलेली आहेत. ज्या वस्तूवर प्राण अवलंबून, ती वस्तू माणसाने कधीच उघडीबोडकी ठेवली नाही. शस्त्राला मान द्यावयाचा तो नक्षीने, ही आपल्याकडील जुनी रीत होय.

ही वेल मात्र शस्त्राबरोबर जन्मलेली नव्हे. अजिंठ्याच्या छतांवर ती पाचव्या शतकातच रंगलेली आहे. पुढे चालुक्य-यादवांच्या काळी मंदिराच्या दारास ज्या द्वारशाखा असत, त्यांत एक पानावेलींची असे. पाथरवटाच्या टाकीने घडलेली ही वेल उंबऱ्याजवळ उगवते आणि एक वळसा उजवीकडे, एक डावीकडे घेत ललाटापर्यंत चढते. मुसलमानी अमदानीत इराणी धर्तीची वेल आली आणि दख्खनच्या कारागिरांनी दोन्हींचा संसार एकत्र मांडला.

शस्त्रांवरील नक्षीचे प्रकार दोन, आणि शिकणाऱ्याने त्यांतील भेद ध्यानी धरावा. पहिला ओतीव. विजापूरची प्रसिद्ध मलिक-ए-मैदान तोफ १५४९ साली अहमदनगरला महंमद बिन हसन रूमी याने ओतली. तिचे तोंड म्हणजे श्वापदाचा जबडा असून त्यात हत्ती सापडलेला आहे. ओतकामातील नक्षी आधी मेणात किंवा मातीत घडते. वळण चुकले तर अंगठ्याने पुसून पुन्हा करता येते. दुसरा प्रकार कोरीव, आणि तेथे क्षमा नाही. तोड्याच्या बंदुकीची नळी पोलादाची. कोफ्तगार त्या पोलादावर आडव्यातिडव्या बारीक रेघा मारून पृष्ठ खरबरीत करी, त्यावर सोन्याची तार वेलीच्या आकारात ठोकून बसवी आणि मग घोटून काढी. अबुल फजलाने ‘आईन-ए-अकबरी’त कारागिरांची जी यादी दिली आहे, तीत कोफ्तगाराला स्वतंत्र स्थान आहे. या बंदुकांत एक संयमही दिसतो. सोने बहुधा नळीच्या तोंडाशी आणि बुडाशी असते, मधली लांबी मोकळी असते. नक्षी कोठे थांबवावी हेही कारागिराला शिकावे लागे.

आमच्या भागात या विद्येचे जिवंत गुरुकुल म्हणजे बीदर. १९५६ पर्यंत नांदेड, उस्मानाबादप्रमाणेच तो जिल्हा हैदराबाद राज्यात होता. आजही सीमेवर मराठी तेथे बोलली जाते. बिदरीचा धातू म्हणजे पुष्कळसे जस्त आणि थोडे तांबे. बंदुकीच्या दारूचा दणका तो सोसणार नाही. म्हणून बिदरीची वेल हुक्क्यांवर आणि पानदानांवर नांदली. पण रेघ तीच. ओतलेले भांडे घासून त्यावर मोरचुदाचे पाणी फिरवितात, म्हणजे पृष्ठ तात्पुरते काळे पडते. त्यावर कारागीर टोकदार सळईने मोकळ्या हाताने वेल रेखतो, मग छिन्नीने ती खोदतो आणि त्या खाचेत चांदीची तार ठोकतो. शेवटी किल्ल्यातील जुनी माती आणि नवसागर यांच्या पाण्यात भांडे उकळले की धातू कायमचा काळा होतो आणि चांदी तशीच पांढरी राहते. काळ्यावर पांढरी अशी ही वेल! तिच्यातील चूक अंधारातल्या दिव्यासारखी दिसते.

मग नवशिका चुकतो कोठे? आमच्या पाहण्यात तो नेहमी पानांत चुकतो असे त्याला वाटते. पण वस्तुतः तो देठात चुकलेला असतो. वेलीचा मुख्य देठ हा तिचा कणा. तो एकसारखा वळत गेला पाहिजे. मध्येच सपाट झाला किंवा कोपरासारखा मोडला, तर वर कितीही पाने लादा, वेल लंगडतेच. वळसा आत जाताना दोन फेऱ्यांमधील अंतर क्रमाक्रमाने कमी व्हावे, एकदम नव्हे. केळीच्या सुरळीत हा क्रम निसर्गानेच घालून दिला आहे.

दुसरी चूक फांदीची. आपण बागेला पाटाने पाणी देतो. पाटाला फाटा काढताना तो वाहत्या पाण्याच्या दिशेने तिरका काढतो. काटकोनात काढला तर पाणी बांध फोडते. वेलीचेही तसेच. प्रत्येक फांदी मूळ देठाच्या ओघातून निघावी, त्याला आडवी ठोकल्यासारखी दिसू नये. तिसरी चूक हव्यासाची. पानांमधली मोकळी जमीन हाही नक्षीचाच भाग आहे, हे न उमगल्यामुळे नवशिका ती भरून टाकतो आणि वेलीचे झुडूप होते.

यावर उपाय जुनाच आहे. धातूला हात लावण्यापूर्वी नुसता कणा कागदावर शेकडो वेळा काढावा, कागद उलटा धरून पाहावा, आरशात पाहावा. डोळा सवयीने झाकतो ती चूक तेथे उघडी पडते. पाने त्यानंतर, आणि छायेच्या बारीक रेघा सर्वांत शेवटी. युरोपातही क्रम निराळा नव्हता. पॅरिसमध्ये १६६०च्या सुमारास बंदुकांवरील नक्षीच्या नमुन्यांची पुस्तके छापली गेली आणि शिकाऊ कारागीर ती गिरवू लागले. लंडनच्या पर्डी यांच्या बंदुकांवरील बारीक वळसे आणि गुलाब याच शिस्तीतून आले आहेत.

आता या कथेचा दुःखद भाग. १८४९ साली पंजाब इंग्रजांच्या ताब्यात गेला. मागाहून १८७८चा शस्त्रकायदा आला. सियालकोट आणि पंजाबातील गुजरात येथील कोफ्तगार तरवारी सोडून पेट्या, दौती, कागद कापण्याच्या सुऱ्या सजवू लागले. गिऱ्हाईक परके, घाईचे आणि स्वस्ताई मागणारे. पूर्वी धनी शस्त्र हातात घेऊन वळसा पारखी. आता पारखणाराच उरला नाही. मग पाने वाढली आणि कणा ढिला झाला. कारागिराचा हात एका दिवसात बिघडत नाही. त्याला चूक दाखविणारा डोळा नाहीसा झाला की तो बिघडू लागतो.

बीदरची वेल अजून टिकून आहे. तेथील शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, ही आनंदाची गोष्ट. पण ही विद्या पदकावर जगत नाही. छापील नमुना वेलीचा आकार दाखवील. देठ कोठे ढिला पडला हे मात्र शेजारी बसलेला उस्तादच सांगतो. एक पिढी त्याच्याजवळ बसली नाही, तर पुढच्या पिढीला ते सांगणार कोण?

आपणांपैकी सर्वांनी छिन्नी हाती घ्यावी असे आमचे म्हणणे नाही. मागणे एवढेच, की पुढच्या वेळी नांदेडला एखादी कोरीव मूठ किंवा बीदरची एखादी डबी हाती आली, तर भाव विचारण्यापूर्वी बोटाने तिचा देठ मुळापासून शेंड्यापर्यंत फिरवून पाहावा. बोट कोठे अडखळले तर दुकानदाराला तसे सांगावे. आणि अडखळले नाही, तर चार पैसे अधिक देऊन ती घ्यावी.